सावळायची पाखाडी

खाडीत शिडाची गलबतं यायची, त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या आजोबांना विचारूनही उपयोग झाला नसता, कारण त्यांनीही ती ऐकलेलीच होती. ज्याला खोटी वाटेल त्याने खाली जाऊन पायऱ्या मोजाव्यात. पायऱ्या अजून आहेत.

फार वर्षांपूर्वी आमचं कातळवण गाव दोन थरांत वसलेलं होतं. वर माथ्यावर गावकरांची, गुरवांची आणि कुळवाड्यांची घरं, आणि खाली खाडीच्या काठाला खालची वाडी. दोन्हींच्या मध्ये उभी उतरण. त्या उतरणीच्या डोक्यावर, अगदी कड्याशी, भूमकादेवीचं देऊळ. देवळाचं आवार या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं, त्यामुळे खालून सरळ वर यायचं म्हटलं तर आवारातूनच यावं लागणार. आणि खालच्या वाडीच्या माणसाने आवारात पाऊल ठेवायचं नाही, असा गावाचा नियम होता. वरची माणसं त्यांना शिवून घेत नसत. म्हणून त्या उतरणीवर कधी वाटच पडली नाही. खालच्या माणसाने खाडीच्या काठाने लांब जायचं, व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा, सगळ्या डोंगराला वळसा घालायचा आणि गावाच्या मागच्या अंगाने वर यायचं. सकाळी निघालेला माणूस ऊन चढल्यावर पोचायचा. आणि अंतर म्हणाल तर वर कुणी खोकलं तरी खाली ऐकू जायचं.

या खालच्या वाडीत सावळाय राहायची. सावळाय वैजीण होती, म्हणजे बाळंतपणं करायची. तिची आईही वैजीण, आजीही वैजीण. पण सावळायच्या हाताला जे होतं ते दोघींच्या हाताला नव्हतं, असं म्हणतात. पोटावर नुसता तळवा ठेवून ती सांगायची की मूल आडवं आहे की पायाळू, आणि मग त्या तळव्यानेच ते हळूहळू वळवून सरळ करायची. न रडलेल्या मुलाच्या कानात ती काहीतरी बोलायची आणि मूल रडायचं. काय बोलायची, ते तिने कुणाला सांगितलं नाही. माझी आजी म्हणायची, ती नुसतं 'चल' म्हणायची.

आता कुणी विचारेल की शिवून घेत नव्हते, मग ही वरच्या घरांत बाळंतपणं कशी करायची? तर त्याची सोय माणसांनी करून ठेवली होती. बाळंतिणीच्या खोलीत तसंही दहा दिवस सोयर असायचं, तिथे घरचं कुणी जात नसे. तेव्हा त्या खोलीत सावळायचा हात चालायचा. खोलीबाहेर तो चालायचा नाही. वरच्या गावातलं प्रत्येक माणूस जगात आल्यावर सगळ्यात आधी तिच्या हाताला लागलेलं होतं, आणि सोयर फिटलं की तेच माणूस तिला शिवायचं बंद होत असे. याचं कुणाला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. सवय फार मोठी गोष्ट आहे.

वरच्या घरात कुणाला कळा सुरू झाल्या की घरचा माणूस कड्याच्या टोकाशी जाऊन कूक घालायचा. लांबवर जाणारी ती आरोळी खाली पोचायची, सावळाय आपलं गाठोडं उचलायची आणि लांबची वाट धरायची. उन्हाळ्यात, हिवाळ्यात ती बहुतेक वेळेवर पोचायची. पावसाळ्यात व्हाळ भरला की मात्र सगळं देवीच्या मर्जीवर असायचं.

देवीची मर्जी कळायची रीतही सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरव ओल्या फुलाची पाकळी देवीच्या पाषाणाला चिकटवतो, गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे पाकळीकडे बघत बसतात. पाकळी उजवीकडून पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडून पडली तर नाही. पेरणी कधी करायची, पालखी कधी काढायची, भांडण कसं तोडायचं, सगळं तिला विचारून. ही माणसं ढोंगी नव्हती. कौल डावा पडला तर हातातोंडाशी आलेला घास ते सोडून देत.

त्या वेळी देवीचा गुरव होता बाबल. तरणा, सरळ, आणि देवीवर इतकी श्रद्धा की सकाळी गाभाऱ्यात शिरताना उंबऱ्यावर मुंगी दिसली तरी तिला आधी जाऊ द्यायचा. त्याची बायको शेवंती पहिलटकरीण होती. श्रावणात तिच्या कळा सुरू झाल्या, आणि त्याच दिवशी पहाटेपासून व्हाळ दुथडी भरून वाहत होता.

बाबलने कूक घातली. सावळाय निघाली. व्हाळापर्यंत आली आणि थांबली, कारण पुढे नुसतं लाल पाणी. ती परत फिरली, आणि उतरणीवरून, झुडपांना धरून, वाट नसलेल्या जागेवरून वर चढू लागली. कड्याखाली येऊन तिने हाक दिली की मला वर घ्या, शिडी टाका, मी इथपर्यंत आले आहे.

गाव आवारात जमला. मानकरी होता धाकू गावकर. तोही तेव्हा तरणाच, नुकताच वडिलांच्या जागी बसलेला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण ही गोष्ट सांगताना लोक त्याला उगाच मिशा चिकटवतात. तो घाबरलेला होता. नियम मोडून गावावर काही आलं तर लोक त्यालाच विचारणार होते. तो म्हणाला, देवीला विचारू. आणि कौल लावायचा कुणी? तर गुरवाने. म्हणजे बाबलने. घरातून बायकोचा आवाज येत असताना बाबलने स्वतःच्या हाताने पाकळी लावली.

पाकळी डावीकडून पडली.

बाबलने ती उचलली, कपाळाला लावली आणि देवीची आज्ञा म्हणून तो मागे फिरला. कड्याखाली सावळाय पावसात बसून होती. वरचा आवाज तिला ऐकू येत होता. दुपार कलली तेव्हा तो आवाज थांबला. शेवंती गेली, आणि तिच्या पोटातलं मूलही गेलं.

तेराव्यानंतर बाबल लांबच्या वाटेने खालच्या वाडीत गेला. असा कुणी गुरव कधी गेला नव्हता. सावळायच्या अंगणाबाहेर उभा राहून त्याने तिला एकच गोष्ट विचारली.

"तू वेळार इलं असतंस तर ती जगली असती काय गे?"

सावळाय तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. हो म्हटलं असतं तर तो माणूस तिथेच कोसळला असता, आणि नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. ती म्हणाली, "माका ठाऊक नाय, गुरवानू. पण मी वाटेर होतंय, ता ठाऊक आसा."

बाबल परत गेला. पुन्हा लग्न केलं नाही. देवीची पूजाही सोडली नाही.

सावळाय त्या दिवशी उशिरापर्यंत अंगणात बसून राहिली. देवीवर ती रागावली नव्हती. खालच्या वाडीतली माणसंही भूमकेचीच लेकरं, रोज सकाळी खालूनच कड्याकडे बघून हात जोडणारी. पण तिला एक कळलं होतं. देवीचा निर्णय कधी बदलायचा तेव्हा बदलो. तोपर्यंत कूक ऐकू येणार, पावसाळा येणार, आणि तिला चालावं लागणार. चालायचं तर वाट हवी. दुसऱ्या दिवशी तिने खाणीतून जांभ्या दगडाचा एक चिरा आणवला आणि आपल्या अंगणाच्या मागे, उतरण जिथे सुरू होते तिथे, मातीत बसवला. शेवंतीसाठी.

पुढच्याच महिन्यात वरच्या गावात एक मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी रीतीप्रमाणे बापाने सावळायपुढे लुगडं, नारळ आणि तांदूळ ठेवले. तिने ते बाजूला सारले.

"माका लुगडा नको," ती म्हणाली. "एक चिरो व्हयो. आणि तो बापाशीन आपल्या हातान बसवूक व्हयो."

बाप चक्रावला. कशाला, म्हणून त्याने विचारलं. नवस आहे का? सावळाय हसली आणि म्हणाली की तसंच समजा. नवस म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नवसाला नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. तो बाप डोंगराला वळसा घालून खालच्या वाडीत गेला, डोक्यावरून चिरा आणला, आणि शेवंतीच्या चिऱ्याच्या वरच्या अंगाला, वीतभर उंचीवर बसवला. घरी जाऊन त्याने आंघोळ केली. पण चिरा राहिला.

मग रीतच पडली. मूल झालं की चिरा. मुलगा असो, मुलगी असो, वरचं असो, खालचं असो. ज्याचा नंबर येईल त्याचा चिरा आधीच्याच्या वर. आज गावकराचा, उद्या खालच्या वाडीतल्या होडीवाल्याचा, परवा सुताराचा. पायरीवर नाव नव्हतं. नवीन चिरा वर नेऊन बसवायचा तर आधीच्या सगळ्यांवर पाय ठेवूनच जावं लागायचं, आणि आपला पाय कुणाच्या दगडावर पडतो आहे याचा हिशेब दहा पायऱ्यांनंतर कुणी ठेवत नसे. धाप लागली की माणूस फक्त पुढची पायरी बघतो.

धाकू गावकराला मुलगी झाली तेव्हा त्यानेही चिरा बसवला. मुलीचं नाव गुणी. मानकऱ्याने स्वतः डोक्यावर दगड घेतलेला बघायला अर्धा गाव कड्याशी जमला होता. त्याने मोठा, घोटीव, चांगला चिरा निवडला होता, कारण नवसाच्या कामात कंजुषी करणारा तो नव्हता. सावळायने त्या चिऱ्यावर हात फिरवला आणि नुसती मान डोलावली.

या चिऱ्यांच्या किती तरी गोष्टी आहेत. जुळ्यांच्या बापाने दोन चिरे एकदम डोक्यावर घेतले तर दोन्हींचं मिळून वजन एकाएवढंच भरलं, असं म्हणतात. एका बापाने आळस करून फुटका चिरा बसवला, तर त्याचं पोर तो चिरा बदलेपर्यंत रडायचं थांबेना, असंही म्हणतात. एका पावसाळ्यात सगळी उतरण घसरून खाडीत गेली, झाडं गेली, माती गेली, पण पायऱ्या जिथल्या तिथे. मला विचाराल तर बापांनी पाया चांगला भरला होता. पण तसं सांगितलं तर मुलं ऐकत नाहीत.

वर्षं गेली. वीस गेली, बावीस गेली. वाट हळूहळू चढत होती आणि गाव तिच्याकडे बघत असून बघत नव्हता. एक दिवस बाबल गुरव आवार झाडत झाडत कड्याशी आला, खाली वाकला आणि थबकला. पाखाडी त्याच्या पायाखाली आली होती. पाखाडी म्हणजे आमच्याकडची पायऱ्यांची वाट. शेवटच्या पायरीपासून आवारापर्यंत उरला होता पुरुषभर उंचीचा उभा कातळ. खाच पाडून दोन मोठे टप्पे केले की झालं.

तेव्हा गावाचे डोळे उघडले. नवस नवस म्हणून आपण काय बांधत होतो ते लोकांना कळलं. काही जण चिडले, काही जण हसले, आणि बरेचसे गप्प राहिले, कारण त्यात त्यांचाही दगड होता. धाकू गावकराने बैठक बोलावली आणि ठरलं ते नेहमीचंच. देवीला विचारू. बाबलने पाकळी लावली आणि ती डावीकडून पडली. कातळाला हात लावायचा नाही, असा निवाडा झाला.

सावळायला तो कळवला गेला. ती आता म्हातारी झाली होती, पाठीतून वाकली होती. ती भांडली नाही. पण चिरे मागायचंही तिने थांबवलं नाही. पुढच्या बापांना ती म्हणाली, वर जागा नाही तर खालच्या पायऱ्या रुंद करा. तशा त्या रुंद होत गेल्या. एका माणसाच्या वाटेची दोन माणसांची वाट झाली, तरी वरचे दोन टप्पे रिकामेच.

आणि मग गुणी माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली सगळ्यांची रीत. आषाढाचे दिवस होते. चार दिवस पाऊस हटला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या, आणि धाकू गावकराचा जावई कड्याशी जाऊन कूक घालू लागला. पाऊस इतका होता की त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. पण सावळायला तो ऐकू गेला, असं म्हणतात. तिला पोटातल्या मुलाचीच कूक ऐकू यायची, असं खालच्या वाडीत सांगतात.

व्हाळाकडे ती गेलीच नाही. तिने गाठोडं घेतलं आणि पाखाडीला लागली. सत्तरीची म्हातारी, वरून पाणी, खालून शेवाळ. ती चढली नाही, पायऱ्याच तिच्या पायाखाली वर वर येत गेल्या, असं म्हणतात. प्रत्येक चिऱ्यावर पाय पडला की ती त्या पोराचं नाव घ्यायची आणि तो चिरा तिला पुढे ढकलायचा. मला वाटतं ती तीन वेळा तरी बसली असेल, गुडघे चोळले असतील आणि पावसाला चार शिव्या घातल्या असतील. पण ती चढली, यात वाद नाही. कातळाखाली येऊन ती उभी राहिली आणि तिने हाक दिली.

आवारात गाव जमला होता. पंचवीस वर्षांपूर्वी जमला होता तसाच, त्याच जागी. फक्त या वेळी घरातून येणारा आवाज मानकऱ्याच्या लेकीचा होता. मूल आडवं होतं. घरातल्या बायका बाहेर येऊन सांगून गेल्या की आमच्या हातात आता काही नाही.

एखादी शिडी आणावी, एवढंही कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती लावायची की नाही याचा कौल लागलाच असता. धाकू गावकर गाभाऱ्यासमोर उभा राहिला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. संकट आलं की देवीपुढे उभं राहायचं, एवढंच तो आयुष्यभर शिकला होता. त्याने बाबलला खूण केली. बाबलने पाकळी लावली. धाकूने गाऱ्हाणं घातलं.

"आई भूमके, म्हाराजा, आज तुझ्या लेकरार येळ इली हा. वैजीण कड्याखाली उभी आसा. तिका वर घेवची काय नको, ता तूच सांग."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

सगळे पाकळीकडे बघू लागले. पाकळी हलली नाही. धाकूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळी हलली नाही. तिसऱ्यांदा घातलं, आणि तरी ती ओली पाकळी पाषाणाला घट्ट चिकटून राहिली, ना डावीकडे ना उजवीकडे. असं कधी झालं नव्हतं. थांबायचं, एवढाच उपाय होता. देवी बोलेपर्यंत थांबायचं.

कातळाखालून सावळायचा आवाज आला. ती ओरडली नाही, पण पावसातही सगळ्यांना ऐकू गेलं.

"गावकरानू, कौल लावा, खुशाल लावा. मी हंयसर बसलंय. पण पोटातल्या पोराक कौल कळना नाय."

बाबल गुरव इतका वेळ पाकळीकडेच बघत होता. आता तो उठला. धाकू त्याला म्हणाला की थांब, अजून देवीने सांगितलं नाही. बाबल उंबऱ्यावर वळला.

"मागल्या खेपेक ती बोलली, मी आयकलंय," तो म्हणाला. "आज ती गप आसा. ता पण आयकाक व्हया."

आणि तो बाहेर गेला, कड्याशी पोचला, कातळावरून घसरत खाली उतरला. शेवटच्या पायरीवर, सावळायच्या पायाशी, तो दोन्ही हात आणि गुडघे टेकून ओणवा झाला. देवीच्या गाभाऱ्यात जाणारा एकुलता एक माणूस, सोवळ्याचं नेसलेला, त्याने पाठ पुढे केली आणि म्हणाला की चढ.

सावळाय चढली नाही. तिने कातळाच्या माथ्याकडे पाहिलं. मग म्हणाली की एका पायरीने व्हायचं नाही, दोन लागतील.

वर धाकू गावकर उभा होता. त्याने एकदा मागे गाभाऱ्याकडे पाहिलं. पाकळी तिथेच होती. त्याने लेकीचा आवाज ऐकला, आणि मग त्याला जाणवलं की आवाज आता पहिल्यासारखा येत नाही, मध्ये मध्ये थांबतो आहे. त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं, भिजणार नाही अशा जागी ठेवलं, एवढंही त्याला त्या वेळी सुचलं, आणि तो खाली उतरला. बाबलच्या पलीकडे, कातळाला दोन्ही हात टेकून, तो खांदे वाकवून उभा राहिला.

सावळायने बाबलच्या पाठीवर पाय ठेवला. मग धाकूच्या खांद्यावर. मग आवारात. तिने मागे वळून पाहिलं नाही, देवीकडेही पाहिलं नाही. गाठोडं काखेला मारून ती सरळ धाकूच्या घराकडे चालू लागली आणि गाव तिला वाट देत मागे सरकला. त्या दिवशी पहिल्यांदाच ती पुढच्या दाराने आत गेली.

दुपार कलायच्या आत गुणी मोकळी झाली. मुलगी झाली. आधी रडली नाही. मग सावळाय तिच्या कानात काहीतरी बोलली, आणि ती असं रडली की खाली खाडीतल्या होड्यांवर ऐकू गेलं, असं म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, पाकळीचं काय झालं. सगळेच विचारतात. वरच्या गावात सांगतात की मूल रडलं त्याच क्षणी पाकळी उजवीकडून पडली. खालच्या वाडीत सांगतात की ती डावीकडूनच पडली आणि तरीही काही बिघडलं नाही. गुरवांच्या घरात सांगतात ते मला खरं वाटतं. बाबल संध्याकाळच्या पूजेला गाभाऱ्यात शिरला तेव्हा पाकळी पाषाणावर नव्हती. ती कुठे पडली होती ते त्याने पाहिलं नाही. डोळे मिटून, हाताने चाचपून, त्याने सगळं निर्माल्य गोळा केलं आणि विसर्जन करून आला. मग देवीपुढे बसून तो खूप रडला. पंचवीस वर्षांत तो रडला नव्हता.

एका दिवसात गाव बदललं असं मी सांगणार नाही. दुसऱ्याच दिवशी चार म्हातारे धाकूकडे आले. आवार विटाळलं, शुद्ध करायला हवं, गोमूत्र शिंपडायला हवं. धाकू म्हणाला, शिंपडा. आणि तो उठून त्यांच्यापुढे उघड्या अंगाने उभा राहिला.

"आधी माझ्या खांद्यार शिपडा. तिचो पाय थंय पडलो."

मानकऱ्याच्या अंगावर शिंपडायला कुणाचा हात उठेना. गोमूत्राचा तांब्या घेऊन आले तसे ते परत गेले.

पाचवीच्या दिवशी धाकूने आपल्या हाताने कातळाला खाच पाडली आणि नातीच्या नावाने वरची पायरी बसवली. खालचा टप्पा तेवढा राहिला. लोकांना वाटलं, पुढच्या पोराच्या बापाचा. सावळाय नाही म्हणाली. तिने बाबल गुरवाला बोलावून घेतलं.

"गुरवानू," ती म्हणाली, "तुमचो चिरो ऱ्हवलो हा."

बाबलला आधी कळेना. तो म्हणाला की मला कुठे मूल आहे. सावळायने खाली, पाखाडीच्या पहिल्या चिऱ्याकडे बोट दाखवलं. मग त्याला कळलं. तो खाली खाणीवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चिरा होता, आणि तो पाखाडीच्या पहिल्या पायरीपासून, शेवंतीच्या चिऱ्यापासून, एक एक पायरी चढत वर आला. सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं होतं, वरचं आणि खालचं. त्याने तो चिरा बसवला आणि त्यावर तळवा ठेवला.

सावळाय गेली तेव्हा तिला खाडीकाठच्या वाटेने नेलं नाही. खालच्या वाडीतून ती त्या पाखाडीने वर आली, आवारातून गेली, सगळ्या गावातून फिरली आणि पुन्हा त्याच पायऱ्यांनी खाली आली. खांदे बदलायला माणसं कमी पडली नाहीत. तिच्या हातून जन्मलेलं प्रत्येक माणूस चार पावलं तरी खांदा देत होतं, आणि तिरडीला वजनच नव्हतं, असं म्हणतात.

आता पाखाडीवर नवा चिरा बसवायला जागा नाही. मग काय, लोक झिजलेला चिरा काढून नवा घालतात, आणि बारशाच्या आधी बाप येऊन शेवाळ खरवडून जातो. मुंबईहून, पुण्याहून येतात, फोनवर फोटो काढतात, घाम पुसतात. चिरा टेम्पोने पायथ्यापर्यंत आणला तर चालतो. तिथून वर डोक्यावरूनच न्यायचा, आणि तो बापानेच न्यायचा. वरच्या दोन पायऱ्यांना आम्ही गुरवाची पाठ आणि गावकराचा खांदा म्हणतो. त्यांच्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही.

देवीला कौल अजून लावतात. पेरणीचा लावतात, पालखीचा लावतात, आणि डावा पडला तर अजूनही ऐकतात. फक्त अमक्याला वर येऊ द्यायचं की नाही, हे तिला विचारायचं नाही, असा गावाचा नियम आहे. तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ती गप्प बसली, चौथ्यांदा विचारून तिला त्रास देऊ नये, असं गुरव सांगतात.

आणि एखाद्या घरात मूल झालं आणि राहिलं नाही, तरी पाचव्या दिवशी तो बाप खाली जातो. त्याच्याबरोबर कुणी बोलत नाही, पण दोन-चार माणसं मागून चालतात. तोही चिरा आणतो, बसवतो, त्यावर तळवा ठेवतो. मग तो उठतो, आणि त्याच्या चिऱ्यावर पहिला पाय ठेवून कुणीतरी वर जातं.